परसातल्या खोलीला दर उन्हाळ्यात तडा, पावसाळ्यात दार अडतं: काळ्या मातीतलं हे दुखणं कसं ओळखावं आणि कसं थांबवावं

मे महिना संपत आला की आमच्या परसातल्या खोलीच्या दाराच्या कोपऱ्यातून भेग निघायची आणि तिरपी चढत पत्र्याखालच्या शेवटच्या थरापर्यंत जायची. खाली केसाएवढी, वर करंगळीचं टोक आत जाईल एवढी. गणपतीच्या सुमाराला ती बरीचशी मिटलेली असायची, पण तेव्हा दार चौकटीत असं बसायचं की खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. आतली शहाबादी फरशी मधोमध उचलली गेली होती. बादली ठेवली तर डुगडुगायची. सलग पाच वर्षं हेच चाललं होतं.

खोली ८ बाय १० फुटांची, ९ इंची विटांची, वर पत्रे. खुरपी, टिकाव, खताची पोती, रोपांचे ट्रे, झारी आणि उन्हाळा संपला की कूलर, एवढंच तिच्यात असतं. परभणी शहराच्या कडेला, जिथे पूर्वी शेतं होती तिथे पडलेल्या प्लॉटांवर आमचं घर आहे. खोलीचा पाया २ फूट खोल. बांधताना मिस्त्री म्हणाले, "ताई, एवढ्याशा खोलीला आणखी किती पाया घ्यायचा?" आम्हालाही ते पटलं होतं.

दर मे महिन्यात आम्ही एकच काम करत आलो. छिन्नीने भेग थोडी मोकळी करायची, पाणी मारायचं, सिमेंट-वाळू दाबून भरायची, वरून रंगाचा हात द्यायचा. श्रावणात दार अडलं की सुताराकडून रंधा मारून घ्यायचा. मग पुढच्या उन्हाळ्यात त्याच दाराखाली दोन बोटं फट राहायची आणि तिच्यातून विंचू आत यायचे. म्हणून सगळ्यांत आधी हेच सांगते: पावसाळ्यात अडणारं दार तासू नका. दार बरोबर आहे, चौकट हलली आहे.

सहाव्या वर्षी मिस्त्रींना फोन लावण्याआधी मी थांबले आणि वर्षभर नुसतं बघायचं ठरवलं. त्या वर्षभरात जे कळलं आणि पुढे जे केलं ते इथे लिहिते आहे. परभणी, नांदेड, लातूर, अकोला, अमरावती, सोलापूर, कुठेही भारी काळ्या जमिनीत परसात खोली, न्हाणीघर, पंपघर किंवा कुंपणाची भिंत बांधलेल्या माणसाची हीच तक्रार ऐकू येते. आणि बहुतेक जण तोच इलाज करत असतात, ज्याने भेग वर्षागणिक वाढते.

भेग मातीचीच आहे ना, हे आधी बघा

प्रत्येक तडा पायातून आलेला नसतो. पत्र्याच्या लगेच खाली आडवी जाणारी भेग बहुधा उन्हाने पत्रा आणि लोखंडी पाइप ताणले जातात त्याची असते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर गिलावा घाईने वाळला, त्याला पुरेसं पाणी मिळालं नाही. या दोन्हींचा जमिनीशी संबंध नाही आणि त्यांची फार काळजी करू नये.

काळ्या मातीची भेग ओळखायची खूण एकच, पण पक्की: ती ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते. हे डोळ्याने नीट कळत नाही, मोजावं लागतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एकेक बारीक फुली काढा, दोन फुल्यांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा आणि शेजारी भिंतीवरच तारीख लिहा. महिन्यातून एकदा, वर्षभर. मी भेगेच्या खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी फुल्या केल्या होत्या. वरच्या ठिकाणी मे अखेर भेग ११ मिलिमीटर भरली, सप्टेंबर अखेर ४. एवढ्यावरून निदान जवळपास झालंच. काही जण भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते, पण किती हलली ते काच सांगत नाही. पेन्सिलच बरी.

भेग कुठे रुंद आहे तेही लिहून ठेवा. वर रुंद आणि खाली बारीक असेल तर खोलीची कड किंवा कोपरा खाली बसतो आहे, नाहीतर मध्यभाग उचलला जातो आहे. खाली रुंद असेल तर उलट, मधला भाग खचतो आहे किंवा कडा वर येत आहेत. जोत्याची पातळी बघायला गवंड्यांची पाण्याची नळी पुरते. चारही कोपऱ्यांवर एकेक खूण करून मे आणि सप्टेंबर असं दोनदा मोजायचं. आमचा नैर्ऋत्येचा कोपरा उन्हाळ्यात खाली जायचा आणि ईशान्येचा वर्षभर जवळजवळ जागचा हलायचा नाही. खोली फाटत होती ती या दोन कोपऱ्यांच्या भांडणात.

ओळंबा मात्र पहिल्याच दिवशी लावा. ७ फूट उंचीत भिंत एक इंच किंवा त्याहून जास्त कललेली असेल, पत्र्याचे पाइप भिंतीवरून सरकलेले दिसत असतील किंवा चौकटीवरचं लिंटेल एका बाजूने सुटलं असेल, तर पुढचं काहीही करत बसू नका. खोली रिकामी करा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

माती काय करते

खोली बांधायला घेतली तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही काळी हाय. काळीत घर कोण बांधतंय?" मला तेव्हा ते जुन्या माणसांचं बोलणं वाटलं. आमच्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. गाव वसायचं ते पांढरीवर. तिथलीच पांढरी माती भिंतींना, तीच धाब्याला. ती माती काळीसारखी फुगत नाही, भेगाळत नाही. काळीत पीक घ्यायचं, आणि तिथे निवारा लागलाच तर आखाडा उभा करायचा: लाकडी मेढी, पऱ्हाटीचा कूड शेणामातीने लिंपलेला, वर पत्रे. खालची जमीन हलली की तोही तिच्याबरोबर हलतो. तडकण्यासारखं त्यात काही नसतंच. आज शहरांच्या कडेला जे प्लॉट पडतात ते बहुतेक काळीत. आपण तिथे पांढरीवरचं बांधकाम नेऊन ठेवतो, विटा-सिमेंटचं, ताठ.

आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची झीज होऊन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना वहीच्या पानांसारखी, एकावर एक पातळ थर. पाणी या पानांमध्ये शिरलं की ती एकमेकींपासून दूर सरतात, पाणी गेलं की पुन्हा जवळ येतात. मृगाचा पाऊस पडला की शेतातल्या हातभर खोल भेगा मिटतात ते यामुळेच. शेतकऱ्याला याचा फायदा आहे, जमीन आपोआप नांगरल्यासारखी होते. भिंतीला नाही.

आता वजनाचा हिशोब बघा. ९ इंची, ८ फूट उंच विटेच्या भिंतीचं वजन लांबीच्या एका मीटरला साधारण १.१ टन भरतं. ते २ फूट रुंदीच्या पायावर पसरलं की जमिनीवर चौरस मीटरला २ टनांच्या आसपास भार येतो. भारी काळ्या मातीचा फुगण्याचा दाब याच्या कितीतरी पट असू शकतो. माती एवढ्याशा खोलीला सहज उचलते. घराचे कॉलम ६-७ फूट खाली गेलेले असतात, जिथे ओल वरच्यापेक्षा बरीच कमी बदलते, आणि वर वजनही पुष्कळ असतं. म्हणून पुढचं दुमजली घर धड आणि मागची खोली फाटलेली, हे दृश्य आमच्या सगळ्या वसाहतीत दिसतं. छोटी आहे म्हणून पाया कमी चालेल हा हिशोब काळ्या मातीत उलटा पडतो.

सगळी खोली एकसारखी वर-खाली झाली असती तर तिला काही झालं नसतं. पण खोलीने झाकलेल्या मातीला ना ऊन लागतं ना वारा, तिथली ओल उडून जात नाही. दोन-चार वर्षांत मधली माती ओली राहू लागते आणि फुगते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळते, पावसाळ्यात भिजते. मधे कायमचा फुगवटा, कडेला वर्षातून एकदा चढ-उतार. आमची फरशी मधोमध उचलली जाण्याचं कारण हेच.

आणि सिमेंट भरण्यातली चूक इथेच लपलेली आहे. मे महिन्यात भेग सगळ्यांत रुंद असते. तेव्हा तिच्यात कडक सिमेंट ठोकलं की पाचर मारल्यासारखं होतं. पावसात माती फुगून भिंत परत जागेवर येऊ बघते, पाचर तिला येऊ देत नाही. मग भिंत शेजारून नव्याने चिरते, आणि पुढच्या उन्हाळ्यात उघडायला ती आधीच उघडी असते. आम्ही पाच वर्षांत पाच पाचरी मारल्या होत्या.

मातीची परीक्षा

सरकारी माती परीक्षण केंद्रात शेतकरी नमुना नेतात, तिथे सामू, क्षार, नत्र-स्फुरद-पालाश कळतं. फुगवटा तिथे बघत नाहीत. त्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मातीच्या प्रयोगशाळेत विचारावं लागतं. तिथल्या चाचणीला फ्री स्वेल म्हणतात आणि ती फार सोपी आहे. वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १०-१० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घेतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. २४ तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलातली माती १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली १८ वर, तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहावं. १०० च्या वर गेला तर पुढे सांगते त्यातलं काहीही टाळू नये.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर स्टीलच्या वाटीला आतून तेलाचा हात लावा, तिच्यात मातीचा घट्ट चिखल काठोकाठ दाबून भरा आणि सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. शेजारी दुसऱ्या वाटीत मुरमाचा चिखल ठेवा. काळी माती काठापासून सुटून आत ओढली जाते, मधून फाटतेही. मुरूम जवळपास जागच्या जागी राहतो. आमच्या घरातल्या कुणालाच यानंतर समजावून सांगावं लागलं नाही.

पाणी कुठून येतं ते शोधा

माती बदलणं आता आपल्या हातात नाही, खोली तिच्यावर उभी आहे. हातात आहे ते पाणी. खोलीभोवतीच्या मातीत वर्षभर सारखी ओल राहिली, जास्त असो की कमी, तर भिंत शांत राहते. म्हणून एक पूर्ण दिवस घराच्या मागे खुर्ची टाकून बसा आणि कुठलं पाणी कुठे जातं ते बघा. मला सापडलेली यादी अशी होती. भांडी घासायच्या मोरीचा पाइप ईशान्येच्या कोपऱ्यापासून ४ फुटांवर मोकळा सोडलेला. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी एका बारीक नळीने त्याच ठिकाणी. गच्चीवरची टाकी भरून वाहिली की तेही तिकडेच. म्हणजे हा कोपरा बारमाही ओला. आणि नैर्ऋत्येला दुपारपासून संध्याकाळपर्यंतचं कडक ऊन, शिवाय ७ फुटांवर वीस वर्षांचा कडुनिंब, जो उन्हाळ्यात मुळांनी त्या कोपऱ्याखालची ओल ओढून घेत होता. एक कोपरा आम्ही भिजवत होतो, दुसरा झाड वाळवत होतं.

वरून पत्र्याचं पाणी. आमचा पत्रा बाहेर निघालेल्या भागासह १० बाय १२ फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ११ लिटर पाणी होतं. एका रात्रीत ५० मिलिमीटर पडला तर साडेपाचशे लिटर. वर्षाला ९०० मिलिमीटर धरला तर जवळपास १० हजार लिटर. हे सगळं एकाच पागोळीच्या रेषेत, पायापासून फूटभर अंतरावर, जमिनीत जिरत होतं.

शोषखड्ड्याबद्दल वेगळं सांगायला हवं. भारी काळ्या मातीत तो नीट शोषतच नाही. पाणी खड्ड्यात साचून राहतं आणि भोवतीची माती सतत फुगलेली ठेवते. मुरूम लागेपर्यंत खोल गेल्याशिवाय तिथे शोषखड्डा करू नये, आणि केला तरी बांधकामापासून निदान १५-२० फूट लांब.

दुरुस्ती, ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने

पहिल्यांदा पाणी हलवलं. पत्र्याला पन्हळ लावली आणि पाइपने पाणी ३० फूट लांब, केळीच्या आळ्यांकडे नेलं. मोरी आणि फिल्टरचं पाणीही तिकडेच. टाकीला फ्लोट बसवला. हे चार दिवसांचं काम, खर्चही फार नाही. कुणाला यातलं एकच करणं परवडणार असेल तर त्याने हेच करावं.

दुसरं काम खोलीभोवतीच्या पट्ट्याचं. याला वेळ निवडावी लागते. मे महिन्यात माती कोरडी ठाक असताना पट्टा झाकला तर पुढे खालून ओल गोळा होऊन ती फुगणार, आणि भर पावसाळ्यात चिकट चिखलात काम होत नाही. आम्ही हस्त सरल्यावर, दसरा आणि दिवाळीच्या मधे केलं. खोलीभोवती ५ फूट रुंदीची माती वितभर खणून काढली आणि तळाला बाहेरच्या बाजूने ३ इंच उतार दिला. त्यावर शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला. एका शेतकऱ्याकडे शेततळ्यातून उरलेला तुकडा होता, तोच मिळाला. कागद जोत्यावर ६ इंच चढवून डांबराने चिकटवला आणि वरून पट्टी ठोकली. बाहेरच्या कडेला अडीच फूट खोल, वितभर रुंद चर घेतला, कागद त्या चरात उभा सोडला आणि चर त्याच मातीने ठोकून भरला. बाहेरची ओल आडवी आत येऊ नये आणि आतली बाहेर जाऊ नये म्हणून हा उभा पडदा. तो नुसत्या आडव्या कागदाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमका तोच गाळतात. चर पायालगत नको, पट्ट्याच्या बाहेरच्या कडेलाच हवा. पायाजवळ खणलं तर आधीच दुबळा असलेला पाया उघडा पडतो.

कागदावर मुरूम पसरून दाबला आणि त्यावर शहाबादी तुकडे सुटे मांडले. मिस्त्रींना इथे कोबा करायचा होता. मी नको म्हटलं. कोबा कडक, खालची माती थोडी हलली की तो चिरणार आणि प्रत्येक चीर पाण्याची वाट होणार. सुटे तुकडे मातीबरोबर वर-खाली होतात. पुढच्या वर्षी दोन तुकडे उचलून पुन्हा बसवले की झालं.

कडुनिंब तोडावा असं पुष्कळांनी सुचवलं. ते चुकीचं ठरलं असतं. मोठं झाड एकदम तोडलं की त्याने वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली माती हळूहळू ओल धरते आणि कित्येक वर्षं फुगत राहते. खाली बसलेला कोपरा मग वर ढकलला जातो. आम्ही फांद्या एक तृतीयांश उतरवल्या आणि झाड व खोली यांच्या मधे, झाडाच्या बुंध्यापासून शक्य तितक्या लांब, कागदाचा उभा पडदा त्या बाजूला ४ फूट खोल नेला. मोठी मुळं लागली तिथे ती तशीच ठेवून कागद त्यांच्याभोवती बसवला. नवं झाड लावताना मात्र पूर्ण वाढल्यावर ते जेवढं उंच होईल तेवढं अंतर बांधकामापासून ठेवावं.

मग लक्षात आलं की खोलीची मागची भिंत कुंपणाच्या भिंतीत विटा अडकवून बांधलेली आहे. कुंपणाचा पाया दीड फुटाचा, तो आपल्या मनाने हलतो आणि जाताना खोलीला ओढतो. ग्राइंडरने दोन्हींच्या मधे वरपासून जोत्यापर्यंत एक इंचाची फट कापली, तिच्यात थर्माकोल घातला, तोंड सीलंटने बंद केलं. मागच्या कोपऱ्यातली उभी भेग त्यानंतर वाढलेली नाही.

फरशी सगळ्यांत शेवटी. उचलून खालची काळी माती दीड फूट काढली. पाया २ फूट असल्यामुळे त्याहून खाली गेलो नाही, आणि एका वेळी अर्धीच खोली खणली. तांबडा, जरा चिकटसर मुरूम ६-६ इंचांच्या थरांत, थोडं पाणी मारून धुमसाने ठोकला. इथे वाळू भरायचा मोह होतो, कारण ती फुगत नाही. पण काळ्या मातीच्या खड्ड्यात वाळू म्हणजे पाण्याची टाकी. कुठून तरी आलेलं पाणी तिच्यात साठतं आणि खालच्या मातीला सावकाश पाजत राहतं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर जे काम केलं त्यातून हाच मार्ग पुढे आला: न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा ठोकलेला थर, साधारण मीटरभर जाडीचा. इंजिनिअर लोक त्याला सीएनएस म्हणतात आणि कालव्यांच्या कामातही तो वापरतात. आम्हाला दीड फूटच जमलं. फरशी भिंतीला न चिकटवता चारही बाजूंनी अर्धा इंच मोकळी ठेवली, म्हणजे फरशी हलली तरी भिंतीला ढकलणार नाही.

भेगेला या सगळ्यात कुणी हात लावला नाही. दोन वर्षं तशीच उघडी ठेवली, पेन्सिलच्या तारखा चालू ठेवल्या. पाहुणे विचारायचे, एवढा खर्च केला आणि भेग तशीच? पण भेग हेच माझं मोजमाप होतं. पहिल्या वर्षी मे अखेर ७ मिलिमीटर, सप्टेंबर अखेर ५. दुसऱ्या वर्षी ६ आणि ५. हालचाल ७ मिलिमीटरवरून १ वर आली तेव्हा जानेवारीत, भेग ना पूर्ण उघडी ना मिटलेली अशा वेळी, ती भरली. जुन्या सिमेंटच्या पाचरी काढून टाकल्या, दर चौथ्या थराच्या सांध्यात दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जाईल अशी ६ मिलिमीटरची सळई न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये बसवली आणि भेगेत लवचिक पॉलियुरेथेन सीलंट भरलं. चौकट ओळंब्यात घेऊन पुन्हा बसवली. दाराला खाली पट्टी जोडावी लागली, रंध्याने गेलेलं लाकूड भरून काढायला.

अजून खोली बांधायचीच असेल तर

आधी मुरूम किती खोल आहे ते कळू द्या. शेजारी कुणी विहीर, सेप्टिक टँक किंवा कॉलमचे खड्डे घेत असेल तर जाऊन बघा. आमच्या शेजारच्या खड्ड्यात ९ फूट काळी माती आणि मग पिवळा मुरूम लागला. हे बघायला मी आधी गेले असते तर विटांची खोली बांधलीच नसती. मुरूम ३-४ फुटांवर असेल तर पाया तिथपर्यंत न्या, वितभर मुरमात घुसवा आणि प्रश्न तिथेच मिटवा.

मुरूम खोल असेल आणि खोली पक्कीच हवी असेल तर अंडररीम्ड पाइल हा खरा उपाय. हे तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे खांब, त्या भागाचा व्यास दांड्याच्या अडीच पट. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते नेमके अशा मातीसाठी विकसित केले. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी निदान साडेतीन मीटर ठेवायची असं भारतीय मानक सांगतं, कारण त्याखाली ओल फारशी बदलत नाही. भिंत या खांबांवरच्या बीमवर उभी राहते आणि बीमखाली ८ सेंटिमीटर तरी मोकळी जागा सोडतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकत नाही. ती जागा विटांचे तुकडे घालून बुजवलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे. तसं केलं तर सगळा खर्च पाण्यात.

औजारं आणि रोपं ठेवायला मात्र एवढं करू नका. आखाड्याकडे बघा. चार किंवा सहा चौकोनी लोखंडी पाइप, प्रत्येकाच्या खाली प्लेट आणि उंची कमी-जास्त करायला नट-बोल्ट, ही प्लेट काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यावर. वाऱ्याने उडू नये म्हणून ठोकळे जड घ्यायचे आणि प्लेट त्यांना बोल्टने पक्की जखडायची. भिंती पत्र्याच्या किंवा बांबूच्या ताट्यांच्या, दार त्याच लोखंडी सांगाड्यात टांगलेलं, जमीन मुरमाची. कोपरा खाली गेला तर पान्याने अर्धा फेरा द्यायचा. माझ्या भावाने हिंगोलीकडच्या शेतात अशी खोली केली आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तो पाण्याची नळी लावून चारही कोपरे बघतो, तेवढीच त्याची देखभाल.

आमच्याकडे यंदा मे अखेर सीलंटवर सुरकुतीही नव्हती. पट्ट्यावरचे तीन शहाबादी तुकडे नैर्ऋत्येला खचले होते, ते उचलून मुरूम घालून परत बसवले. पन्हळीत कडुनिंबाचा पाला साचतो. तो मृगाआधी आणि पुन्हा एकदा पोळ्याच्या सुमाराला काढते. पेन्सिलच्या तारखा भिंतीवर अजून आहेत आणि रंगवणाऱ्याला तेवढा भाग सोडायला सांगितलं आहे.